हातात धरून बोला

बिघडलेलं कास्टिंग दोन्ही हातांत धरून माणूस फार वेळ खोटं बोलू शकत नाही, असा आमच्या साहेबांचा सिद्धांत होता. सिद्धांत हा शब्द माझा. ते स्वतः एवढंच म्हणायचे, "धरा. आता बोला."

शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत मी खरेदी विभागात होतो आणि ते वर्क्स मॅनेजर. फौंड्रीचं काम सांगायला सोपं आहे. लोखंड वितळवायचं, त्याचा रस वाळूच्या साच्यात ओतायचा, निवला की साचा फोडून आतला भाग बाहेर काढायचा. तो भाग म्हणजे कास्टिंग. त्यातले काही बिघडतातच. कुठं बुडबुडा राहतो, कुठं चीर पडते, कुठं एखादा कोपरा भरतच नाही. का बिघडलं हे ठरवायला रोज सकाळी बैठक असे, आणि साहेब येण्यापूर्वी त्या बैठकीत खो-खो चाले. साचेवाले म्हणत, रस थंड होता. भट्टीवाले म्हणत, वाळू ओली होती. वाळूवाले म्हणत, खरेदीनं वाळूच हलकी आणली. खरेदी म्हणे, पुरवठादार बदमाश आहे. पुरवठादार बैठकीला नसल्यामुळे दोष त्याच्यापर्यंत सुखरूप पोचत असे, आणि आम्ही चहा घेऊन उठत असू.

साहेबांनी पहिल्याच दिवशी एका पंपाचं बिघडलेलं कास्टिंग टेबलावर आणून आदळलं. टेबलाची काच गेली. "काच माझ्याकडनं फुटली," ते म्हणाले आणि पुढं बोलू लागले. "आता एक नियम. ज्याला बोलायचंय त्यानं हे उचलायचं. हातात हाय तवर बोलायचं. दुसऱ्यानं काय केलं ते दुसरा सांगंल, त्यालाबी दोन हात हायत. आपण आपला वाटा सांगायचा."

ते कास्टिंग भरलेल्या घागरीएवढं जड होतं. भट्टीचा सुपरवायझर कुस्ती खेळलेला, त्यानं ते फुलासारखं उचललं आणि वीजमंडळावर एक भाषण सुरू केलं. भाषण मध्यावर येईपर्यंत त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या. शेवटी तो म्हणाला, "साहेब, झाकण उघडं ऱ्हायलं भट्टीचं. माझ्याकडनंच." आणि कास्टिंग खाली ठेवून त्यानं जो सुस्कारा सोडला, तो निव्वळ वजनाचा नव्हता.

माझी पाळी आली. मी कास्टिंग उचललं. मी मराठी घेऊन एम. ए. झालेला माणूस, प्रस्तावनेशिवाय बोलायची मला सवय नाही.

"त्याचं असं आहे साहेब," मी सुरुवात केली, "की मार्चअखेरमुळं बाजारात एकूणच..."

"मार्चअखेरनं वाळू आणली व्हय?"

"नाही."

"मग कुणी आणली?"

"मी."

"बघून घेतलीसा?"

"पोत्यावर शिक्का होता."

"म्हंजे शिक्का बघितलासा. वाळू?"

कास्टिंग हातातून घसरायला लागलं होतं. "वाळू नाही बघितली."

"ठेवा खाली. झालं की!" ते इतक्या आनंदानं म्हणाले की मी एखादी परीक्षा पहिल्या वर्गात पास झालो असं मला वाटलं. त्या दिवसापासून ते मला 'पुस्तकवाले' म्हणू लागले.

वाटा कबूल केला म्हणून त्यांनी कधी कुणाला शिक्षा केली नाही. 'सॉरी' मात्र त्यांना चालत नसे. कुणी सॉरी म्हटलं की ते म्हणत, "ते ऱ्हाऊ द्या. उद्या काय वेगळं करणार, ते सांगा." लोक पुष्कळदा इथंच अडत.

दिसायला ते बुटके, रुंद आणि कायम घाईत असलेले. त्यांच्या प्रत्येक शर्टाला ठिणग्यांनी पाडलेली बारीक भोकं होती आणि तेच शर्ट घालून ते लग्नालाही जात. केबिनमध्ये इतर मॅनेजर जिथं ढाली आणि चषक मांडतात, तिथं त्यांनी एक वेडंवाकडं लोखंडी ढेकूळ ठेवलं होतं. शिकाऊ असताना स्वतः बिघडवलेलं पहिलं कास्टिंग. मालकांच्या सूनबाईंनी एकदा ते बघून कुठल्या शिल्पकाराचं म्हणून विचारलं होतं. साहेब म्हणाले, "माझंच. पण घ्यायला कोण तयार झालं न्हाय."

त्यांचं हे वेड फौंड्रीच्या फाटकाशी थांबत नसे. हायवेच्या सर्व्हिस रोडवर एका खड्ड्यात त्यांची स्कूटर पडली आणि उजवा हात मोडला. गर्दी जमली. कोल्हापुरात पडलेल्या माणसाला उचलायच्या आधी रस्ता करणाऱ्याचा उद्धार करायची पद्धत आहे. ती रीतसर पार पडली. साहेब रस्त्यात बसून म्हणाले, "खड्डा कालबी हितंच हुता, पावणं. मला म्हाईत हुतं." गर्दीची फार निराशा झाली.

पुढं मला कळलं की पडायच्या आधी त्यांनी त्याच खड्ड्याबद्दल दोनदा तक्रार केली होती, आणि पडल्यावर एकदाही नाही. मी विचारलं, असं का?

"तक्रार पडायच्या आधी करायची असती, पुस्तकवाले. पडल्यावर केली की ती सबब."

"पण साहेब, दुसरा कुणी पडू नये म्हणून तरी करायला हवी."

त्यांनी प्लास्टरकडं बघितलं. मग म्हणाले, "हे बरोबर हाय. हे माझ्या ध्यानात आलं न्हाय." आणि डाव्या हाताच्या एका बोटानं त्यांनी मोबाइलवर तक्रार लिहायला घेतली. मी आयुष्यात बरेच तत्त्वनिष्ठ लोक पाहिले. तत्त्वात दुरुस्ती सुचवल्यावर आभाराची मान हलवणारा हा एकच.

त्यांच्या पत्नी जयसिंगपूरला शाळेत शिक्षिका होत्या. त्यांचं मत जरा वेगळं होतं. मी घरी गेलो की त्या चहा टाकता टाकता गाऱ्हाणं सांगत. "तुम्हाला वाटतं, असा नवरा मिळायला भाग्य लागतंय. अहो, भांडायला समोर माणूस पाहिजे की! मी तोंड उघडायच्या आधीच हे म्हणतात, चुकलं माझं. मग मी कुणाशी भांडू? भिंतीशी? परवा दूध उतू घालवलं. मी नुसती स्वयंपाकघरात आले, तर हे म्हणतात, लक्ष माझं नव्हतं, उद्यापास्नं गॅसजवळनं हलणार न्हाय. कबूल करायला ह्यांना काय जातंय? गॅस पुसायला मलाच लागतंय."

"पुसला की मी," साहेब बाहेरून म्हणाले.

"अर्धा!"

"अर्धा," साहेब म्हणाले.

आता मालकांविषयी. मालक वाईट नव्हते. त्यांना समारंभ आवडत. कारखान्यात कुठंही दोन माणसं एकत्र उभी दिसली की त्यांच्यामागं एक बॅनर असावा, असं त्यांना वाटे. एकदा त्यांनी कामगारांसाठी व्यक्तिमत्त्व विकासाचा वक्ता बोलावला. विषय होता 'माझ्या यशाचा शिल्पकार मीच'. वक्ता चांगलाच उशिरा आला. तोवर पहिल्या पाळीची माणसं घरी जायची थांबवून आणि दुसऱ्या पाळीची कामावरून उठवून शेडमध्ये बसवली होती. आल्यावर त्यानं सगळ्यांना उभं केलं आणि मुठी वळून ओरडायला लावलं: "मीच जबाबदार!" भट्टीवरची माणसंही ओरडली. आठ तास आगीसमोर उभं राहिलेली माणसं काहीही ओरडतात.

शेवटी प्रश्न विचारायची वेळ आली. साहेब उठले. "पावणं, भाषण लई झ्याक झालं. तेवढं एक सांगा. तुम्हाला यायला उशीर झाला, तो कुणामुळं?"

"काय आहे सर," वक्ता हसला, "तावडे हॉटेलजवळ ट्रॅफिक..."

पुढचं कुणाला ऐकूच आलं नाही. शेडचा पत्रा हादरेल असं हसू फुटलं. मालक दोन दिवस साहेबांशी बोलले नाहीत.

पण साहेबांच्या ह्या नियमाचा सगळ्यांत कडक वापर मी पाहिला तो चहाच्या गाड्यावर, आणि तो उलट्या दिशेनं. आमच्याकडं माल घेऊन येणारा एक व्यापारी होता, गोडबोल्या, चार बुकं वाचलेला. साहेबांच्या आजोबांनी धम्मदीक्षा घेतलेली, हे त्याला कुठूनतरी कळलं होतं. चहा पिता पिता तो म्हणाला, "साहेब, तुमचं हे 'आपला वाटा आपण सांगायचा' मला फार पटतं बघा. तुमच्या समाजातल्या लोकांनीपण हे घेतलं पाहिजे. किती दिवस जुन्या गोष्टींसाठी दुसऱ्याला दोष देत बसायचं?"

साहेबांनी पेला खाली ठेवला. आवाज चढवला नाही. "माझ्या आज्ज्याला गावच्या विहिरीवर पाणी घिऊ देत नव्हते. आता ह्यात आज्ज्याचा वाटा कुठला, तेवढा मला सांगा."

व्यापारी घुटमळला. "तसं नव्हे, माझं म्हणणं..."

"न्हाय, सांगा की. तहान लागली, हा वाटा?"

गाडेवाल्यानं उकळता चहा ढवळायचं थांबवलं.

"माझा नियम माझ्या हातातल्या कामाला हाय," साहेब म्हणाले. "दुसऱ्याच्या हातातलं माझ्या गळ्यात घालायला न्हाय. तुमच्या आज्ज्याचा वाटा तुम्ही सांगा, मी ऐकतो." मग ते गाडेवाल्याकडं वळले. "ह्यांचा चहाबी माझ्याकडं धर. पावणं हायत."

मला वाटतं, त्या दिवशी मला तो नियम नीट समजला. तोवर मी त्याला एक विक्षिप्त नम्रपणा समजत होतो. त्यात नम्रपणा नव्हताच. शेताचा बांध घालावा तसा तो माणूस आपल्या वाट्याची हद्द घालत असे. आत आलेलं एकही ढेकूळ तो नाकारत नसे, आणि बाहेरचं एकही आत घेत नसे.

अशा माणसाच्या हातून ती चूक घडली, म्हणूनच ती सांगण्यासारखी आहे.

मालकांनी ओतकामाची नवी लाइन उभी केली. पुण्याकडची ट्रॅक्टर बनवणारी एक मोठी कंपनी आमच्याकडून ब्रॅकेट, म्हणजे जोडकामाचे लोखंडी आधार, घेणार होती, आणि लाइनच्या उद्घाटनाला तेच पहिले ब्रॅकेट ओतायचे असं ठरलं. मांडव, सनई, बॅनर. पत्रिकेवर भट्टी सोडून सगळ्यांची नावं होती. एका बड्या पुढाऱ्यांच्या हस्ते पहिला रस ओतायचा, लगेच साहेबांचा सत्कार, आणि पहिला माल हार घातलेल्या ट्रकमधून मुहूर्तावर पुण्याला रवाना.

साहेब असल्या गोष्टींना जाहीरपणे नाक मुरडत. पण त्या दिवशी ते नवा शर्ट घालून आले. भोकं नसलेला. आणि बरोबर त्यांची आई होती.

आई जयसिंगपूरजवळच्या खेड्यात राहायच्या. उभं आयुष्य दुसऱ्याच्या रानात भांगलण-खुरपण करून त्यांनी हा मुलगा इंजिनिअर केला होता. पांढरी स्वच्छ साडी, पाठ वाकलेली, नजर मात्र सगळीकडं. साहेबांनी त्यांना पहिल्या रांगेत, मोठ्या लोकांच्या सोफ्यावर बसवलं. आयुष्यात पहिल्यांदा त्या मुलाचं काम बघायला आल्या होत्या. मला म्हणाल्या, "एवढ्या जाळात उभा ऱ्हातोय व्हय ह्यो? आणि घरात म्हंतोय, पंखा लाव."

आता इथं थोडं लोखंडाविषयी सांगायला हवं. ह्या ब्रॅकेटचं लोखंड चिवट लागतं, म्हणून वितळलेल्या रसात शेवटी मॅग्नेशियम टाकतात. आमच्याकडं त्याला मसालाच म्हणत. मसाला टाकला की रस थांबवून चालत नाही. उशीर झाला तर मसाल्याचा गुण उडून जातो आणि लोखंड काचेसारखं ठिसूळ निघतं. दिसायला मात्र अगदी तसंच. उशीर झालाच, तर तो रस बाजूला ओतून टाकायचा आणि नव्यानं सुरुवात करायची. हे शेडमधल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, आणि साहेबांना सगळ्यांपेक्षा जास्त.

पाहुणे येईनात. अखेर फाटकावरून निरोप आला, गाडी आली. साहेबांनी खूण केली, मसाला पडला, डोळे दिपवणारा पांढरा उजेड झाला. ओतायची मोठी बादली क्रेनला लटकून साच्यांवर आली. ती कलती करायच्या चाकावर आण्णांचा हात होता. आण्णा म्हणजे आमचे सर्वांत जुने भट्टीवाले, सगळं आयुष्य आगीसमोर गेलेलं, निवृत्तीला टेकलेले.

पण पाहुणे फाटकातच थांबले होते. औक्षण झालं, हार झाले, मग फेटा. फेटा बांधणाऱ्याला पाहुण्यांच्या डोक्याचा अंदाज आला नसावा. दोनदा सुटला आणि तिसऱ्यांदा बांधला गेला. इकडं बादलीतला रस निवत, लालसर होत चालला.

आण्णांनी साहेबांकडं पाहिलं. व्यासपीठावरून मालकांनी तळहात दाखवला: थांबा. मी साहेबांच्या शेजारीच उभा होतो. त्यांनी मालकांकडं पाहिलं, बादलीकडं पाहिलं, आणि मग पहिल्या रांगेत पाहिलं. आई पदर सावरून बसल्या होत्या.

"थांबा जरा, आण्णा," साहेब म्हणाले. "आलेच."

पाहुणे आले. रुमाल मधे धरून त्यांनी चाकाला हात लावला, रस साच्यात गेला, ठिणग्या उडाल्या, टाळ्या झाल्या. प्रत्येक बादलीतून तपासणीसाठी एक लहान तुकडा ओततात. त्या दिवशी तो ओतायच्या कोपऱ्यात फोटोग्राफर उभे होते. साहेबांना शाल मिळाली. मालकांनी आईंनाही वर बोलावलं आणि फोटो निघाला. माल निवल्यावर हारवाला ट्रक पुण्याला गेला.

ब्रॅकेट पुण्यात फुटले. ट्रॅक्टरला बसवताना एक तुटून कामगाराच्या पायाशेजारी पडला. बोटभर इकडं पडता तर पाय गेला असता. कंपनीनं सगळा माल परत पाठवला आणि कळवलं, आमची माणसं येताहेत, जबाबदार कोण आणि कारवाई काय, ते सांगा.

मालकांचं उत्तर तयार होतं. पाहुण्यांचं नाव घेणं शक्य नव्हतं. स्वतःचं घेणं त्यांना सुचलं नसावं. दोष उतारावरच्या पाण्यासारखा असतो. तो खाली खाली जात आण्णांपाशी येऊन थांबला. "ऑपरेटरचा निष्काळजीपणा म्हणू," मालक आम्हाला म्हणाले. "आण्णा तसाही निघालाच हाय. दोन महिने आधी जाईल, एवढंच." आण्णा निघाले होते हे खरं. पण उभं आयुष्य भट्टीवर काढून निवृत्त होणं वेगळं, आणि निष्काळजी म्हणून हाकलला जाणं वेगळं. एमआयडीसीत अशी बातमी माणसाच्या आधी घरी पोचते.

पुण्याचे दोन तरुण इंजिनिअर लॅपटॉप उघडून बसले. टेबलावर फुटका ब्रॅकेट होता. आण्णांना बोलावलं. ते टोपी हातात घेऊन दारातच उभे राहिले. मालकांनी चार वाक्यांत निष्काळजीपणा सांगून टाकला.

एक इंजिनिअर सौम्य होता. त्यानं विचारलं, "काका, मसाला टाकल्यावर रस थांबवला होता का?"

"थांबलो जरा," आण्णा म्हणाले.

"का?"

आण्णांनी मालकांकडं पाहिलं, साहेबांकडं पाहिलं, मग फरशीकडं. "चुकलं, साहेब," ते म्हणाले.

त्या शब्दाला त्या खोलीत एरवी फार मान होता. त्या दिवशी तो ऐकवला नाही.

साहेब उठले. "आण्णा, तुमचं काय चुकलं?"

"थांबलो न्हवं."

"थांबा कोण म्हटलं?"

साहेबांनी फुटका ब्रॅकेट दोन्ही हातांनी उचलला आणि पुण्याच्या माणसांकडं तोंड केलं. आमच्या पद्धतीची त्यांना कल्पना नव्हती. ते जरा मागं सरकले.

"थांबा मी म्हटलं," साहेब म्हणाले. "रस खराब होतोय हे दिसत हुतं. ओतून टाका म्हणायचा अधिकार माझा हुता, मी म्हटलं न्हाय. तपासणीचा तुकडा घेतला न्हाय, तरी माल सोडला. तोबी मीच सोडला."

सौम्य इंजिनिअरनं त्यांना वाट काढून दिली. "सर, त्या दिवशी कार्यक्रम होता असं ऐकलं. वरून दबाव असेल ना?"

मालक भिंतीवरच्या कॅलेंडरात कुठला तरी सण शोधत होते.

"दबाव किती हुता ते इच्यारू नका," साहेब म्हणाले. "मी किती दबलो ते इच्यारा. आई समोर बसली हुती. माझा सत्कार हुणार हुता. रस ओतून टाकला असता, तर पुन्हा सगळं जुळवून येईतोवर पाहुणे निघून गेले असते. मला फोटू पाहिजे हुता. एवढंच. ह्या माणसानं माझं ऐकलं, त्याची चूक तेवढीच, आणि ती चूक करायलाच आपण त्याला कामावर ठेवलंय."

बोलणं संपेतो त्यांनी तो तुकडा खाली ठेवला नाही. इंजिनिअर लॅपटॉपकडं बघत राहिला. त्याच्या कंपनीनं कारणाचे पर्याय ठरवून दिले होते: माणूस, यंत्र, माल, पद्धत. आई त्यात नव्हती. अखेर त्यानं 'माणूस' निवडलं, आणि ते तसं चूकही नव्हतं.

आण्णा राहिले. दोन महिन्यांनी त्यांना हार-नारळ देऊन रीतसर निरोप मिळाला. साहेबांचं पद गेलं. मालकांनी त्यांना 'प्रमुख सल्लागार' अशी पाटी करून दिली. काम काहीच नाही, खुर्ची मात्र आधीपेक्षा मोठी. साहेबांनी ती खुर्ची एक दिवस वापरून बघितली आणि राजीनामा दिला. आता ते त्याच एमआयडीसीत एका लहान फौंड्रीत आहेत. तिथं बैठकीला टेबल नाही. उभ्यानंच घेतात.

पुढं एकदा गाडीतून जाताना मालक अचानक मला म्हणाले, "हात मीच केलता हो त्या दिवशी. थांबा म्हणून."

"मग तेव्हा का बोलला नाहीत?"

"बाहेरची माणसं हुती की तिथं."

मी हे साहेबांना सांगितलं. मला वाटलं, त्यांना बरं वाटेल. ते म्हणाले, "तो त्यांचा वाटा. त्यांचं त्यांनी बघावं. मी कशाला उचलू?" आणि विषय बदलला. मालकांविषयी वाईट बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नाही, आणि चांगलंही नाही.

साहेबांनी राजीनामा दिला त्यानंतरच्या सोमवारी, म्हणजे एमआयडीसीच्या सुट्टीच्या दिवशी, मी त्यांना माझ्या गाडीवरून त्यांच्या गावी घेऊन गेलो होतो. आईला स्वतः सांगायचं, फोनवर नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. वाटेत पाणी प्यायला म्हणून त्यांनी दोनदा गाडी थांबवायला लावली. मालकांसमोर, पुण्याच्या माणसांसमोर उभा राहिलेला हा माणूस त्या दिवशी घाबरलेला होता.

घर लहान, सारवलेलं. कोनाड्यात बुद्धाची मूर्ती, तिच्यापुढं ताजी फुलं. आणि समोरच्या भिंतीवर, दारातून शिरल्या शिरल्या दिसावा असा, त्या दिवशीचा फोटो. मोठा, सोनेरी चौकटीतला. शाल पांघरलेले साहेब, एका बाजूला कललेला फेटा घातलेले पाहुणे, आणि मधे ताठ उभ्या असलेल्या आई.

आई मेथी निवडत बसल्या होत्या. साहेबांनी उभ्यानंच सगळं सांगितलं. रस, मसाला, थांबा म्हणणं, ब्रॅकेट, आण्णा, नोकरी. काही गाळलं नाही.

"लागलं न्हाय न्हवं कुणाला?" आईंनी विचारलं.

"न्हाय."

"आणि ते भट्टीवालं?"

"कामावर हाईत."

"मग बस. ह्या पावण्यास्नीबी बसीव. भाकरी टाकते."

साहेब बसले नाहीत. त्यांनी कोपऱ्यातलं स्टूल ओढलं, भिंतीशी लावलं, आणि त्यावर चढले.

"काय करतूस?"

"फोटू काढतोय. ह्याच्यापायी झालं समदं."

मेथी निवडणारे हात थांबले. "कुणापायी?"

साहेबांनी चौकटीला हात घातला.

"थांबा म्हणून फोटू बोलला व्हय?"

साहेबांचा हात चौकटीवरून खाली आला.

"चूक तू केलीस," आई म्हणाल्या, "आणि भिंतीवरनं मी उतरू व्हय? मी चांगली आलीया त्यात. ऱ्हाऊ दे तिथं." आणि त्या चुलीकडं वळल्या.

साहेब खाली उतरले. मान तिरकी करून त्यांनी वर पाहिलं. ओढाओढीत फोटो एका बाजूला झुकला होता. ते पुन्हा स्टुलावर चढले आणि त्यांनी तो सरळ केला.